काबरी आटवायची तारीख

आत्या,

तुझ्या मृत्यूच्या बातमीला मी दिलेलं पहिलं उत्तर माझं नव्हतंच. फोनमध्ये आधीपासून साठवून ठेवलेलं ते एक वाक्य होतं. सकाळचे आठ वाजले होते आणि मी नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत पेंडीच्या नमुन्यातली प्रथिनं मोजत उभी होते. संतोषदादाचा फोन आला. तुझा मुलगा एवढ्या सकाळी मला फोन करतो तो एखादी गाय चारा खात नसली तरच, असा माझा अनुभव होता, आणि गाय चाळीस मिनिटं थांबू शकते असा माझा हिशेब होता. मी फोन कट केला आणि बोटाखाली आलेलं वाक्य पाठवून दिलं: 'कामात आहे, नंतर फोन करते.'

चाळीस मिनिटांनी केला. दादा म्हणाला, "प्राजे, आई गेली." मी विचारलं, "कुठे?"

आज पाचवा दिवस आहे. त्या सकाळचा क्रम मी इतक्यांदा मांडून पाहिला आहे की आता तो पाठ झाला आहे. पाचला उठलीस. अकरा गाईंच्या धारा झाल्या. कॅन गाडीवर चढवताना दादाला हात दिलास. मग ओट्यावर बसलीस आणि वहिनींना हाक मारलीस, "चहा टाक गं, आलं जरा लई घाल आज." वहिनी कप घेऊन आल्या तेव्हा तू भिंतीला टेकून तशीच बसलेली होतीस, डोळे मिटलेले, हात मांडीवर. त्यांना वाटलं, डुलकी लागली. त्या कप शेजारी ठेवून आत गेल्या. चहावर साय धरली तेव्हा कुठे कुणाच्या तरी लक्षात आलं.

गावातले डॉक्टर म्हणाले, हृदय अचानक बंद पडलं असावं. माझं सगळं शिक्षण त्या 'असावं'पाशी येऊन थांबलं आहे. दोन महिन्यांपूर्वी मीच तुझा रक्तदाब मोजला होता आणि तो माझ्यापेक्षा चांगला निघाला होता. त्यावर तू केवढी खूश झाली होतीस! "बघ, डॉक्टरीनबाई नापास, आत्या पास." तुझ्या यजमानांना, म्हणजे मामांना, वहिनींना, दूध न्यायला आलेल्या शेजारणीलाही तू तो निकाल सांगितला होतास.

खरं सांगायचं तर मी तुला सुरक्षित धरलं होतं. माझ्या वडिलांची मला काळजी वाटते, दादाची वाटते, स्वतःचीही कधीकधी वाटते. तुझी कधी वाटली नाही. आमच्या कार्यालयात मागे काम आणि विश्रांती यांच्या समतोलावर एक व्याख्यान झालं होतं. त्यात विश्रांतीचे फायदे एकाखाली एक मांडले होते आणि शेवटचा फायदा दीर्घायुष्य हा होता. मी शेजारच्या सहकाऱ्याला तेव्हा सांगितलं होतं, या न्यायाने दर अमावास्येला नेमाने बसून राहणारी माझी आत्या नव्वदी गाठणार. ते तुलाही सांगितलं, तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसलीस. "लई दिवस जगाया बसते व्हय मी? बसते म्हंजे बसते."

मी ते विनोद म्हणून घेतलं. आता वाटतं, माझ्या सगळ्या गृहीतकाला तू एका वाक्यात उत्तर दिलं होतंस आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

तुझ्या अमावास्येवरून आपलं पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. अमावास्येला औत धरायचं नाही, बैलांना जुंपायचं नाही, ही गावाची जुनी रीत. पण तुझी शेवटची बैलजोडी घोडेगावच्या बाजारात विकून कितीतरी वर्षं झाली होती आणि अंगणात ट्रॅक्टर उभा होता. तरी तू अमावास्येला ट्रॅक्टरची किल्ली ज्वारीच्या डब्यात लपवत होतीस. दादा डबे उपसत ओरडत होता, "आई, ट्रॅक्टरला बी अमावास्या असती काय?" तू शांतपणे म्हणालीस, "ट्रॅक्टरला नसंल. तुला हाय."

मी वैज्ञानिक दृष्टिकोनाची ताजी पदवीधर होऊ घातलेली मुलगी. मी तुला चंद्राची कक्षा समजावून सांगितली. ओट्यावर ताट आणि दोन लिंबं मांडून. तू शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलंस आणि मग लिंबं उचलून घेतलीस.

"चंद्राचं मला काय घेनं हाय? वर आभाळात एक खूण हाय. ती साऱ्या गावाला दिसती आन् कुनाच्यानं हालत न्हाई. न्हाई तर जो तो म्हनंल, आज एवढं आवरू, उद्या बसू. उद्या कुनाचा येतो?"

विश्रांतीचा दिवस कोणाला पुढे ढकलता येऊ नये अशा ठिकाणी टांगून ठेवायचा, हा तुझा मुद्दा होता. तो बिनतोड होता. मला तेव्हा तो मान्य करता आला नाही, कारण तू तो लिंबं हातात धरून मांडला होतास आणि माझ्याजवळ आकृती होती.

त्या दिवशी धारा मात्र चुकायच्या नाहीत. "गाईला अमावास्या कळत न्हाई," असं म्हणून तू सकाळ-संध्याकाळ कासेला बसायचीसच. पण मधल्या वेळात तू ओट्यावर खाद्याचं रिकामं पोतं अंथरून बसायचीस, आणि हातात काही नसायचं. हे मला पुष्कळ उशिरा दिसलं. आपल्याकडे बाई बसली तरी तिच्या हातात मेथीची जुडी असते, शेंगा असतात, उसवलेली बाही असते. बसण्याचं भाडं भरल्यासारखी ती काहीतरी करत राहते. तू ते भाडं भरायचं नाकारलं होतंस. मामा त्या दिवशी चहा करत, तो पाणचट व्हायचा आणि तू तो नावं न ठेवता प्यायचीस. शेजारची यमुनाकाकू जाता-येता टोमणा मारायची, "इंदूबाय, हात मोकळं? सुनंनं पगारी सुट्टी दिली काय?" आणि तू, "तुझ्या सासूनं तुला दिली न्हाई, ती मी घेतली." यमुनाकाकू परवा सावडायच्या दिवशी आली होती. तुझ्या पोत्यावर कोणी बसू नये म्हणून तिने ते घडी करून खुंटीला अडकवलं. मग तिथेच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बारावीच्या सुट्टीत प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला मी तुझ्याकडे राहिले होते, ते आठवतं? मी दिवसाचे तास चौकटीत आखून भिंतीला लावले होते. तू ते वाचलंस, आणि रोज दुपारी चार वाजता येऊन माझं पुस्तक पालथं घालू लागलीस. "चल, बस." मी चिडायचे. माझ्या वीस मिनिटांची किंमत तुला काय कळणार, असंही एकदा म्हणाले. तू रागावली नाहीस. पुस्तक उचलून गव्हाणीवर ठेवलंस, गाय चाटेल अशा बेताने, म्हणजे मला ते सोडवायला तरी उठावं लागेल. मी उठले, आणि बसले. पहिले काही दिवस ती वीस मिनिटं मला अक्षरशः टोचत. मग एके दिवशी टोचली नाहीत. सकाळपासून न सुटलेलं गणित समोर रवंथ करणाऱ्या गाईकडे बघताना सुटलं होतं. तुला मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, गणितासाठी थोडंच बसायचं असतं.

यश मिळालं तेव्हा पेढे घेऊन आले, पण त्या वीस मिनिटांचे आभार मानले नाहीत.

आणि आता काबरीबद्दल. याला मी गेली दोन वर्षं बगल दिली.

गाय गाभण असली की वेताच्या दोन महिने आधी तिचं दूध थांबवायचं असतं. तिला आटवायचं असतं. त्या काळात कास विसावते, आतल्या पेशी नव्याने तयार होतात, पोटातल्या वासराला पोषण मिळतं. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत. तरीही मागच्या वेताला मीच तुला सांगितलं होतं की काबरीला एक महिना पुरे. ती भरपूर दूध देत होती. नव्या खाद्याच्या जोरावर आटवण्याचा काळ कमी करता येईल असं माझं मत होतं, आणि ते मत घरच्याच एका गाईवर सिद्ध करायची मला घाई होती. दादा लगेच माझ्या बाजूला झाला. तू एकदाच म्हणालीस, "तिच्या हक्काचं हाय ते, प्राजे." मी तुला तक्ता दाखवला. तू तक्त्याकडे न बघता माझ्याकडे बघितलंस, आणि ऐकलंस.

काबरी व्याली तेव्हा चीक पातळ होता. कालवड अशक्त निघाली. तू तिला दुसऱ्या गाईचा चीक बाटलीने पाजत पंधरा दिवस गोठ्यात अंथरूण टाकलंस. काबरीचं दूध त्या वेताला वर चढलंच नाही. मी येऊन सगळं पाहिलं आणि म्हणाले, "एका गाईवरून निष्कर्ष काढता येत नाही, आत्या." वाक्य शास्त्रशुद्ध होतं. तू बाटली हलवत म्हणालीस, "मला कुठं काडायचाय? मला ही जगवायचीय."

कालवड जगली. गोठ्याच्या शेवटच्या खुंट्याला आज तीच उभी आहे, धिप्पाड झाली आहे. चूक माझी होती, आत्या. चूक एका गाईवरून सिद्ध होत नसेल, पण माझी होती. हे म्हणायला माझ्याकडे दोन वर्षं होती.

या वर्षी तू मला तीन अमावास्यांना बोलावलंस. मी पहिल्यांदा विचारलं, "कशाला येऊ? काही काम आहे का?" तू म्हणालीस, "काम असतं तर दुसरं कुनी बलावलं असतं. नुस्ती ये." फोनमधल्या दिनदर्शिकेत मी 'आत्याकडे' अशी नोंद केली. पहिल्या वेळी तपासणीसाठी पथक येणार होतं म्हणून ती पुढे सरकवली, दुसऱ्या वेळी नमुने उशिरा आले म्हणून, आणि तिसऱ्या वेळी विभागप्रमुखपदासाठी मला सादरीकरण करायचं होतं म्हणून. तू म्हणालीस, "अमावास्या काय तुझ्या सायबाला इचारून येती?" मी हसत म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की." ती नोंद अजून फोनमध्ये आहे, पुढच्या अमावास्येवर. ती खोडायला माझा हात धजत नाही, आणि सरकवायला आता जागा नाही.

त्याच फोनवर तू शेवटी म्हणाली होतीस, "बरं, काबरी आटवायची हाय. तवा तरी ये. आटवायला शिकवते तुला."

"आत्या, मी पशुवैद्यक आहे."

"सुई टोचाया येती तुला. ऐकून घ्याया न्हाई येत."

मला वाटलं, तू मला हट्टी म्हणते आहेस. सादरीकरणाची घाई होती. मी फोन ठेवला. सादरीकरण उत्तम झालं. त्यानंतर अकरा दिवसांनी तू गेलीस.

गोठ्याच्या दाराशी टांगलेल्या कॅलेंडरवर तू लाल खडूने गोल केला आहेस आणि आत लिहिलं आहेस: काबरी. परवा बायकांच्या गर्दीतून वाट काढत मी गोठ्यात आले तेव्हा तो दिसला. गोल दुसऱ्या दिवसाच्या तारखेभोवती होता. तू तिचा खुराक कमी करायलाही सुरुवात केली होतीस, म्हणजे दूध उतरावं. पण गोंधळात कोणीतरी पुन्हा पाटीभर पेंड टाकली आणि ती बारा लिटरवर आली. तुझ्या अंत्यविधीच्या दिवशीही संध्याकाळची धार वेळेवर निघाली, आत्या. डेअरीची गाडी वाजली आणि दादा ओल्या अंगाने उठून कॅन घेऊन गेला. मला तेव्हा त्याचा राग आला होता. मग लक्षात आलं, याच माणसाच्या बातमीला मी 'कामात आहे' असं उत्तर दिलं होतं.

दादा म्हणाला, "आनखी पंधरा दिस काडू. पाव्हनं हायेत, दूध लागतंय. आन् तूच म्हनली हुतीस ना मागं, महिना बास हाय?"

हे वाक्य त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तो खरोखरच माझा दाखला देत होता. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असणार, आईविना गोठा सांभाळायची त्याला धास्ती, आणि बहीण या विषयात शिकलेली. मी काय म्हणेन ते तो करणार होता.

"मी चुकले होते, दादा," मी म्हणाले. "आत्यानं गोल केलाय. उद्या आटवायची."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. "आईला सांगितलंस हे?"

"नाही."

खुराकाचं घमेलं काबरीसमोरून उचलून त्याने बाजूच्या गाईपुढे ठेवलं.

काल सकाळी मी तिची शेवटची धार काढली. चारही सडांत औषध सोडलं, सड जंतुनाशकात बुडवले. हे सारं पाठ्यपुस्तकाप्रमाणे झालं, दहा मिनिटांत. खरं आटवणं संध्याकाळी पाचला सुरू झालं.

पुस्तकात लिहिलेलं असतं: त्यानंतर दूध काढू नये. इतकंच. काबरी पाचला हंबरली. बाकीच्या गाईंजवळ बादल्या आल्या आणि तिच्याजवळ आली नाही. तिची कास भरत होती, ताणत होती, आणि रोज ज्या क्षणी हलकं वाटायचं तो क्षण येत नव्हता. ती पाय आपटू लागली. मान वळवून दाराकडे बघू लागली. कोणासाठी, ते मला लिहायचं नाही. दादा दोनदा बादली घेऊन उठला. "जरा हलकी करू का? दोन लिटर? तिला दुखतंय, प्राजे."

दुखतंय हे मलाही कळत होतं. पण हलकी केली की कास पुन्हा दूध तयार करायला लागते आणि थांबायचं ते थांबत नाही. दोन-चार दिवस तो ताण तिला सहन करावा लागतो, आणि तो तिला सहन करू देणं आपल्याला सहन करावं लागतं. मग कास आपोआप सैल पडते. मी फक्त तिला दगडी, म्हणजे कासेची सूज, होत नाही ना एवढं बघायचं: कास फार गरम नाही ना, लाल नाही ना. बाकी काही करायचं नाही. इतकी वर्षं मी हे शिकले, शिकवलं, पण धारेच्या वेळी गोठ्यात उभं राहून ते हंबरणं कधी ऐकलेलं नव्हतं. माझं काम नेहमी इंजेक्शनबरोबर संपायचं आणि गाडी सुरू व्हायची.

ऐकून घ्याया न्हाई येत, ते हे.

मी खुंटीवरचं पोतं काढलं. यमुनाकाकू दारातून बघत होती. मला वाटलं, ती हरकत घेईल. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बस. तिथं न्हाई, थोडी अलीकडं. तिथनं उन्हं येत्यात डोळ्यावर, इंदूबाय अलीकडं बसायची." मी अलीकडे बसले. हातात काही घेतलं नाही.

थांबल्यावर बरं वाटतं असं आमच्या व्याख्यानात सांगितलं होतं. सांगणाऱ्याने गाय आटवलेली नसावी. थांबल्यावर आधी दुखतं. जे जे काढून टाकायची सवय लागलेली असते ते सगळं आत साठायला लागतं. चार दिवस मी निरोप पोचवत होते, चटया आणत होते, दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जात होते, पाहुण्यांचे चहा मोजत होते. तू गेलीस हे मला माहीत होतं, इतकंच. काल पाच ते सहा या वेळात, त्या पोत्यावर, ते मला खरोखर झालं आणि रडू फुटलं. दादाने ते पाहिलं आणि बादली पालथी घालून तोही माझ्या शेजारी, खाली जमिनीवर बसला. काबरी हंबरत राहिली.

मध्ये फोन थरथरला. साहेबांचा होता. कट केला तसं ते वाक्य पडद्यावर आपणहून पुढे आलं, कामात आहे, नंतर फोन करते, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. मग ते पुसलं आणि लिहिलं, 'बसले आहे.' साहेबांना ते कळणार नाही. उद्या समजावून सांगेन, किंवा नाही सांगणार.

काबरी आज सकाळीही हंबरली, पण आवाजात थोडी सवय आलेली वाटली. निदान मला तशी वाटली. अजून दोन दिवस मी इथेच आहे. कालवड आईकडे तोंड करून उभी असते. वहिनींनी काल विचारलं, तुझा खडू कुठे ठेवू. मी म्हटलं, कॅलेंडरपाशीच असू दे.

काल सहा वाजता धारा संपल्या, गाडी दूध घेऊन गेली, आणि काबरी एकाएकी गप्प होऊन खाली बसली. दादाने तोंडावर पाणी मारलं आणि मला विचारलं, कारण मी काय करत असणार हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे:

"किती येळा हंबरली गं?"

मी मोजलं नव्हतं, आत्या.